रीमसाठी नर

एकनाथ कोळेकर इब्राच्या बाजारात मोटरी बांधायचा. बागांतल्या विहिरींवरच्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की त्याच्याकडे यायच्या. जुनी काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, वार्निश लावून उन्हात वाळवायची, असं त्याचं काम. जत तालुक्यातल्या गावाहून तो नव्व्याण्णव साली ओमानला आला आणि एकाच अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, टिकला. अर्बाबचं नाव हमूद. दुकान त्याचं, गावाबाहेरची खजुराची बागही त्याचीच. त्या बागेत हमूदचे सलूकी कुत्रे असत.

सलूकी म्हणजे लांब पायांचा, आत ओढलेल्या पोटाचा, वाऱ्यासारखा पळणारा शिकारी कुत्रा. ज्या घरात साधं कुत्रं उंबऱ्यालाही चालत नाही, त्या घरात सलूकी सतरंजीवर झोपतो. जुन्या काळी वाळवंटातले भटके बदू लोक त्याच्यावर ससे धरत आणि त्या दिवशीची चूल त्यावर पेटत असे. शिकारीवर बंदी येऊन आता बरीच वर्षं झाली होती. हिवाळ्यात सकाळी माळावर शर्यती व्हायच्या. गाडीमागे दोरीला सशाचं कातडं बांधून ओढत न्यायचं आणि कुत्रे मागे सोडायचे.

एकनाथ बागेत पहिल्यांदा गेला तो बिघडलेली मोटर काढायला. तिथे एक कुत्री तीन पायांवर लंगडताना त्याला दिसली. तळपायाची कातडी सोलली होती. हमूदची बायको जोहरा तिच्या पायांना मेंदी थापत बसली होती. जोहराचं लहानपण झांजिबारमध्ये गेलेलं. मालकाच्या घरातल्या बाईला ओमानमधले कामगार ‘मामा’ म्हणतात. हे एकनाथच्या तोंडी बसायलाच वर्ष गेलं होतं. तो म्हणाला, “मामा, आमच्याकडे बाभळीची साल उकळून त्या पाण्यात पाय बुडवतात.”

“तुमच्याकडे असे कुत्रे आहेत?” जोहराने विचारलं.

“कारवानी म्हणतात. असेच. केस आखूड.”

जोहराने समरच्या झाडाची साल आणवली. समर बाभळीच्याच जातीचं. पंधरा दिवसांत कुत्री चारही पायांवर आली. त्यानंतर मोटर असो नसो, शुक्रवारी एकनाथ बागेत असायचा. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर कारवानी कुत्री पाळली होती. कुणाची कुत्री माजावर आली की आसपासच्या गावांतले लोक कुठला नर लावायचा ते विचारायला त्यांच्याकडे येत. एकनाथने हे सगळं बसल्या बसल्या ऐकलेलं होतं. इतक्या लांब येऊन ते कामाला येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

दोन हजार बारा साली हमूदची नजर गेली. काचबिंदू होता. मस्कतच्या डॉक्टरांनी एक डोळा वाचवायचा प्रयत्न केला, पण त्यालाही उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. म्हातारा कुरकुरला नाही. सकाळी बागेत येऊन बसायचा आणि कुत्र्यांच्या अंगावरून हात फिरवत कोण वाळलंय, कोण सुटलंय ते सांगायचा.

त्याची सगळ्यात आवडती कुत्री रीम. वाळूच्या रंगाची, काळ्या डोळ्यांची. पळायला तिच्यासारखी त्या भागात दुसरी नव्हती. पण तिच्यात एक खोट होती. कातडं नजरेआड झालं, दोरी तुटली, तरी ती थांबायची नाही. जिकडे तोंड असेल तिकडे पळत सुटायची. दोन हजार चौदाच्या जानेवारीत ती अशीच गेली आणि दोन दिवसांनी एका रस्ता बांधणाऱ्या कंपनीच्या छावणीत सापडली. चारही पाय फाटलेले, अंगावर काट्यांचे ओरखडे. बंगाली मजुरांनी तिला भात आणि पाणी दिलं होतं.

ती बरी झाल्यावर हमूदने एकनाथला जवळ बसवलं. शेजारी त्याचा मुलगा बदर होता. बदर तिशीतला, मस्कतमध्ये सरकारी नोकरीत. दर गुरुवारी संध्याकाळी गाडी घेऊन यायचा. शर्यतींचा नाद त्यालाही होता.

“रीम पाच वर्षांची होईल,” हमूद म्हणाला. “येत्या थंडीत तिची पिलं घ्यायची. नर शोधायचाय.”

“नर मी बघून ठेवलाय,” बदर म्हणाला. “बुरैमीला आहे. बर्क. दोन वर्षांत एकदाही हरला नाही.”

“एकनाथला घेऊन जा. तो बघेल.”

बदरने एकनाथकडे बघितलं. “मोटर बांधणारा माणूस माझ्या कुत्रीसाठी नर ठरवणार?”

“मला दिसत असतं तर मी ठरवला असता,” हमूद शांतपणे म्हणाला. “आता कुणाचे तरी डोळे घ्यावेच लागतील. तुझे डोळे शर्यत बघतात. त्याचे कुत्रा बघतात.”

त्या आठवड्यात एकनाथने बायकोला फोनवर हे सांगितलं तेव्हा प्रभावती हसायलाच लागली. “आवं, हितं पावण्या-रावळ्यांत सोयरीक जुळवताना तुमाला कुणी इचारत न्हाई, आन तिकडं कुत्र्याची जुळवायला निघालाय व्हय?” एकनाथ म्हणाला, “दादांनी शिकवलंय ते वाया जाऊ नये एवढंच.” दादा म्हणजे त्याचे वडील.

फेब्रुवारीत दोघे बुरैमीला गेले. पाच तासांचा रस्ता. बदरने वाटेत बर्कच्या शर्यतींचे व्हिडिओ दाखवले. बर्क खरोखर देखणा होता. दुधाळ रंग, कानांवर रेशमासारखे लांब केस, छाती खोल. त्याच्यासाठी थंड हवेची खोली होती. सकाळी त्याला मैदानावर सोडलं तेव्हा एकनाथही बघत राहिला. पाय जमिनीला लागतायत की नाही तेच कळत नव्हतं.

कातडं ओढणारी गाडी थांबली. बाकीचे कुत्रे कातड्यावर पडले. बर्क त्यांच्यावरून उडी मारून पुढे निघून गेला. दोन गाड्या दोन बाजूंनी त्याच्या मागे धावल्या आणि बऱ्याच वेळाने त्याला कुंपणाशी गाठून धरलं.

“नेहमी असंच करतो?” एकनाथने तिथल्या सांभाळणाऱ्याला हिंदीत विचारलं. तो नेपाळचा होता.

“हमेशा,” तो अभिमानाने म्हणाला. “त्याला धरायला दोन गाड्या लागतातच.”

एकनाथने बर्कचा पंजा उचलून बघितला. तळवा लोण्यासारखा मऊ होता. आयुष्यभर तो चाळलेल्या वाळूवरच पळलेला. मग त्याने बर्कची पिलं बघायला मागितली. वर्षाची दोन होती. एक परका माणूस बघून भिंतीला चिकटलं. दुसरं दार उघडताच सुसाट सुटलं आणि हाकेला मान वळवली नाही.

परतीच्या वाटेवर बदरने विचारलं, “मग?”

“हा नको.”

बदरने गाडी हळू केली. “वेडा आहेस का? एवढा वेग दुसरीकडे कुठे मिळणार?”

“वेग रीमकडे आहेच. तिच्याकडे जे नाही तेच याच्याकडेही नाही. दोघांचे पाय मऊ, दोघंही मागे वळत नाहीत. पिलं पळतील छान. पण घरी एकही येणार नाही.”

बदरने पुढचे चार तास गाडी पळवत ठेवली. चहालाही थांबला नाही.

हमूदने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मला पळताना दिसत नाही आता. माळावर उभा राहतो, कुत्रा सुटला की पायांचा आवाज लांब जातो, मग काही नाही. परत येणारा आवाज ऐकायचाय मला. रीमचा तो कधी ऐकू येत नाही.” पुढे तो म्हणाला, “बिदियाच्या पुढे, वाळू सुरू होते तिथे, कासम राहतो. त्याच्याकडे एक कुत्रा होता. अजून आहे का बघू.”

मार्चमध्ये, उन्हं तापायच्या आधी, ते तिघे कासमकडे गेले. कासम बदू, साठीचा, शेळ्या आणि चार उंट राखणारा. घर पत्र्याचं, पुढे खजुराच्या झावळ्यांचा मांडव. मांडवात एक कुत्रा पडला होता. थोराड, मळकट तपकिरी. एका कानाचा तुकडा गेलेला, तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले. कासमने ‘सबूर’ म्हणून हाक मारली तसा तो उठला, आधी पुढचे, मग मागचे पाय ताणले आणि चालत आला.

बदर एकनाथच्या कानाशी म्हणाला, “हा? हा तर उंटामागे चालणारा म्हातारा आहे.”

हमूदने खाली बसून कुत्र्याला चाचपायला सुरुवात केली. आधी कान, मग मान, फासळ्या, पाठ. कमरेवरची दोन हाडं सापडली तशी त्याने मधल्या जागेत चार बोटं आडवी ठेवली. ती बरोब्बर बसली. “जुने लोक हेच बघायचे,” तो म्हणाला. मग त्याने पंजा हातात घेतला. “हा तर चामड्याचा जोडाच आहे.”

“आठ वर्षांचा आहे,” कासम म्हणाला. “गारगोट्यांवरच वाढला. पायाला आजवर काही झालं नाही.”

“पिलं आहेत याची?” एकनाथने विचारलं.

“तीन वेतं. जवळच्याच लोकांकडे आहेत. हवी तर दाखवतो.”

कासमने त्यांना गाडीतून जवळच्या दोन ठिकाणी नेऊन चार पिलं दाखवली, तीही आता मोठी झालेली. सगळी त्याच बांध्याची, एकही लंगडं नाही. परक्या माणसाला बघून ती भुंकली, नंतर जवळ येऊन वास घेऊन गेली. एकनाथला ते आवडलं. पण त्याने अजून होकार दिला नाही.

“पळताना बघायचाय,” तो म्हणाला.

“मी शिकार करत नाही,” कासम लगेच म्हणाला. “मनाई आहे. मी शेळ्या चारायला जातो, हा बरोबर येतो. ससा उठला तर हा पळतो. कायदा त्याला वाचता येत नाही. धरायची वेळ आली की मी हाक मारतो.”

दुपार उतरल्यावर ते शेळ्यांमागे निघाले. हमूद एकनाथच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. जमीन दगडगोट्यांची, मध्ये मध्ये काटेरी झुडपं, लांबवर घाफची चार-पाच झाडं. अर्धा तास काही झालं नाही. मग एका शेळीच्या पायाखालूनच ससा उठला.

“उठला,” एकनाथ म्हणाला. “डावीकडे, घाफच्या दिशेने.”

“कुत्रा?”

“निघाला. रीमसारखा झेपावला नाही. आधी बघितलं, मग निघाला. आता वेग घेतोय. बऱ्यापैकी जवळ गेला. सशाने वळण मारलं. हाही वळला, पण लांबून वळला नाही. आतून गेला.”

हमूदने मान हलवली. “ते डोकं. पुढे.”

“पुन्हा वळला ससा. पुन्हा. आता उतारावर आहेत. कासम हाक मारतोय. ससा घाफच्या मुळांत शिरला. गेला आत.”

“आणि हा?”

एकनाथ बघत होता. सबूर झाडाशी थांबला होता. त्याने एकदा मुळांत नाक घातलं, एकदा झाडाला फेरी मारली. मग वर बघितलं, माणसं कुठे आहेत ते शोधलं आणि दुडक्या चालीने परत यायला लागला.

“सोडून दिलं त्याने,” एकनाथ म्हणाला. “येतोय.”

चौघे उभे होते. मग हमूदने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गोट्यांवरून पायांचा आवाज जवळ येत होता. सबूर आला आणि कासमच्या पायाशी बसून धापा टाकायला लागला.

“ससा सुटला की,” बदर म्हणाला.

“माझे वडील तेच बघायला सांगायचे,” एकनाथ म्हणाला. “ससा धरताना सगळे कुत्रे चांगलेच दिसतात. सुटल्यावर काय करतो ते बघ म्हणायचे. अर्बाब, हा घ्या.”

कासमने बदल्यात एक पिलू मागितलं, स्वतः निवडून. हमूदने हो म्हटलं.

रीम ऑक्टोबरच्या शेवटी माजावर आली. दहाव्या दिवशी तिला कासमकडे नेलं. तिने सबूरला जवळ येऊ दिलं नाही. दात दाखवले, एकदा खांद्याला चावलीही. दुसऱ्या दिवशीही तेच. बदर वैतागला. “तिलाच पसंत नाही. बर्कवाल्याला अजून फोन करता येईल. दोन दिवस आहेत हातात.”

एकनाथलाही धास्ती वाटत होती. आपलं चुकलं तर पूर्ण वर्ष वाया जाणार हे त्याला दिसत होतं. पण सबूर चावा खाऊनही तिच्यावर गुरगुरला नव्हता. थोडा दूर जाऊन बसला होता, एवढंच. “उद्यापर्यंत थांबू,” एकनाथ म्हणाला. “तिला अजून दिवस भरायचाय. घाई आपल्याला आहे.”

तिसऱ्या दिवशी सकाळी रीम आपण होऊन त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि काम झालं.

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ती व्याली. सहा पिलं. एक मेलेलंच आलं, एक तिसऱ्या दिवशी गेलं. उरलेल्या चौघांना जोहराने स्वतःच्या खोलीशेजारी ठेवलं. रीमला बाजरीची पेज आणि सुकवलेली मासळी देण्याचं तिचं ठरलेलं होतं. त्यात तिने कुणाचं चालू दिलं नाही. दोन महिन्यांनी कासम येऊन एक नर घेऊन गेला. उरली तीन. तपकिरी मादी दाना, काळसर नर सैल आणि वस्मी. वस्मी म्हणजे थंडीच्या सुरुवातीचा पाऊस. ती हुबेहूब रीम होती, तोच वाळूचा रंग, तेच डोळे. बदरने पहिल्याच दिवशी तिला उचललं. “ही माझी.”

सहा महिन्यांची असताना पिलं इतकी बेढब दिसायला लागली की बदर त्यांना कुणाला दाखवायचा नाही. सगळे पायच पाय. वर्षाची झाली तशी भरली. पुढच्या हिवाळ्यात सैल पहिल्या शर्यतीत तिसरा आला. फार मोठं यश नव्हतं. पण कातडं थांबल्यावर तो थांबला आणि बदरच्या हाकेला आला. बाकीच्यांचे मालक गाड्या घेऊन माळभर फिरत होते.

दाना शर्यतीत गेलीच नाही. हमूदने तिला स्वतःजवळ ठेवलं. सकाळी एकनाथ त्याला माळावर घेऊन जायचा आणि दानाला सोडायचा. ती धावत लांब जायची. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहायचा. सगळं शांत व्हायचं. मग गोट्यांवर बारीक आवाज यायला लागायचा. तो वाढत वाढत जवळ यायचा आणि दाना त्याच्या झग्याला घासून उभी राहायची. हमूद तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. मग पुन्हा सोड, अशी हाताने खूण करायचा.

वस्मीचं मात्र वेगळं झालं. वेग आईचा होता आणि हट्टही आईचाच. एकनाथने बदरला सांगून पाहिलं होतं की हिला एकटीला लांब सोडू नको, आधी सैलबरोबर सोड, त्याच्यामागे परत यायची सवय लागू दे. बदरने दोन आठवडे ऐकलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी सराव चालू असताना दोरी तुटली. सैल फिरला. वस्मी टेकाडावरून पलीकडे गेली.

बदर आणि एकनाथने तिला तीन दिवस शोधलं. पहिल्या दिवशी तिचे ठसे मिळाले, दुसऱ्या दिवशी दगडांत हरवले. छावण्यांत विचारलं, शेळ्यावाल्यांना विचारलं, पेट्रोल पंपावर चिठ्ठी लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी कासमही आपली गाडी घेऊन आला. त्याने स्वतः नेलेल्या सबूरच्या पिलाला बरोबर आणलं होतं. काही उपयोग झाला नाही.

परत येताना बदर गाडी चालवत होता आणि रडत होता. त्याला ते लपवायचंही नव्हतं. एकनाथ म्हणाला, “माझी चूक झाली. मला वाटलं होतं सबूरचं पाणी सगळ्यांत उतरेल.”

“तू सांगितलं होतंस मला. मीच सोडली.”

“तरी. निवडला मी होता. चौघांत तिघं बापावर गेली, एक गेली नाही. तेवढं आपल्या हातात नसतं हे मला माहीत होतं, पण तुला सांगितलं नाही.”

इब्राच्या अलीकडे एका चहाच्या टपरीशी बदरने गाडी थांबवली. तिथे हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. बदर स्वतः उतरला. दोन कप घेऊन आला आणि एक एकनाथच्या हातात दिला. दोघे बॉनेटला टेकून प्यायले.

“आता काय करायचं?” बदरने विचारलं. एकनाथला इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच असं विचारलं होतं.

“काही नाही. यंदा कुठलीच लावायची नाही. दानाला अजून एक वर्ष बघू. उन्हाळ्यात कशी राहते, आजारातून कशी उठते. मग ठरवू.”

“आणि नर?”

“शोधू. घाई कशाला?”

एकनाथ त्यानंतर तीन वर्षं इब्राला होता. त्या काळात बदरने मस्कतहून, सूरहून, एकदा तर थेट सीमेपलीकडून दानासाठी नर आणवले. प्रत्येक वेळी तो आधी फोन करायचा, “मोटर बाजूला ठेव, एक बघायला ये.” एकनाथ जायचा, पंजे उचलायचा, पिलं मागायचा, कुत्र्याला मोकळा सोडायला सांगायचा. पाचांपैकी चार त्याने परत पाठवले. पाचव्याचा पंजा त्याने खाली ठेवून पुन्हा एकदा उचलून बघितला. मग बदरला म्हणाला, “अर्बाबना आण. त्यांचा हात फिरू दे एकदा.”